वर्गाचा ब्लॉग सुरू करताय? या चुका टाळा

आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. जुलैत उत्साहाने वर्गाचा ब्लॉग सुरू होतो आणि दिवाळीच्या सुट्ट्या लागेपर्यंत तो बंद पडलेला असतो. नागपुरात हे इतक्या शाळांत पाहिलंय की आता लिहायलाच हवं.

चाळीस मुलांचे चाळीस ब्लॉग काढू नका. पासवर्ड विसरण्यातच तास जातो, आणि १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं गुगल खातं काढताही येत नाही. वर्गाचा एकच ब्लॉग ठेवा, तोही शिक्षकाच्या खात्यावर.

सगळ्यात मोठी चूक विषय देताना होते. ती मीही केली आहे. पोळ्याच्या सुमारास आठवीला ‘मारबत’ हा विषय दिला. मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने निघणारा मोठा पुतळा. निम्म्याहून जास्त लेखांची सुरुवात शब्दशः सारखी, विकिपीडियावरून उचललेली. मुलं इतवारी-महालातली. काळी-पिवळी मारबत बघायला दरवर्षी गर्दीत उभी राहणारी, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून घसा बसेपर्यंत ओरडणारी. तो आवाज एकाही लेखात नव्हता. मी वर्गावर खूप चिडले. नंतर कळलं, ज्याचं उत्तर तयार मिळतं असा विषय मीच दिला होता. आता तर एआय मिनिटभरात अख्खा निबंध काढून देतं.

२३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. शाळा भरल्यावर मी एवढंच सांगितलं: तुमच्याकडे किंवा ओळखीच्यांकडे पाणी कुठवर चढलं ते मोजून आणा आणि त्या खुणेबद्दल लिहा. एका मुलाने भिंतीला चार वेळा फुटपट्टी लावली. तीन फूट दोन इंच. पुढे लिहिलं, ‘आजी देव मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती आन् पाणी पाहून राहिली होती.’ हे कुठून कॉपी करणार?

तेव्हापासून माझ्या प्रत्येक विषयात काहीतरी मोजायचं, बघायचं किंवा कोणाला तरी विचारायचं असतं. आणि आधी वहीत लिहायचं. फोनवर बोलून टाइप होतं, मान्य. पण बोललेलं जसंच्या तसं टाकणारा मुलगा ते परत वाचत नाही, म्हणून माझ्या वर्गात ती सवलत नाही.

मुलांची आडनावं, घराचे फोटो, फोन नंबर ब्लॉगवर नकोत. पालकांची लेखी संमती आधी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सगळ्यांदेखत कमेंटमध्ये दाखवू नका, मुलाला जवळ बोलावून सांगा. शब्द मोजून गुण तर मुळीच नकोत.

दुसरी मोठी चूक म्हणजे ब्लॉगला वाचकच नसणं. शिक्षक ‘छान’ लिहितात, मुलंही ‘छान’ लिहितात, आणि कोणी कोणाचं वाचत नाही. माझ्या वर्गात ‘छान’ला बंदी आहे. प्रत्येकाने दोघांचे लेख वाचायचे आणि खाली एक खरा प्रश्न विचारायचा. पुराच्या त्या लेखाखाली एका मुलीने विचारलं, ‘पाणी उतरल्यावर आधी काय शोधलं?’ दुसऱ्या दिवशी त्याने लेखात दोन ओळी वाढवल्या: ‘आजीच्या गोळ्या. पाकिटं भिजली होती, नावं वाचता येत नव्हती.’