एड-टेकमध्ये पीएचडी करायचीय? आधी मूल कुठे अडतं ते बघा

एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत, म्हणजे शिकण्या-शिकवण्यात तंत्रज्ञान कसं वापरायचं या विषयात (एड-टेकमध्ये), पीएचडी करायचीय म्हणणारे हल्ली खूप भेटतात, कुणी झेडपीच्या शाळेत शिकवतंय, कुणी बी.एड. कॉलेजात आहे, कुणी आयटीतली नोकरी सांभाळून इकडे वळायला बघतंय, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, ॲडमिशन कुठे मिळेल? ते सांगतेच, पण आधी विषयाचं बोलू, कारण विषय कच्चा असला की ॲडमिशन मिळूनही गाडी दोन-तीन वर्षांनी हमखास अडते.

शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाईन भांडार, उघडा आणि या विषयातले प्रबंध चाळा. एका तुकडीला ॲप किंवा व्हिडिओ, दुसरीला खडू-फळा, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक योगायोगाचा आहे का ते तपासणारी चाचणी), आणि शेवटी निष्कर्ष की ॲप प्रभावी ठरलं, या साच्यातले पुष्कळ सापडतील. पण नक्की कशामुळे प्रभावी? नवीन वस्तू हातात आल्याची मजा होती, की त्या तुकडीला सराव जास्त मिळाला, की ॲप बनवताना धड्याची मांडणीच सुधारली? हा वाद जुना आहे. शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच लिहिलं होतं की माध्यम हे भाजी आणणाऱ्या ट्रकसारखं, ट्रक बदलला म्हणून खाणाऱ्याचं पोषण बदलत नाही, आणि त्याच क्षेत्रातले रॉबर्ट कोझमा यांनी पुढे त्यांना उत्तर दिलं की माध्यमाला जे खास जमतं त्याचा उपयोग करून घेतला तर फरक पडू शकतो. हे दोघं वाचल्याशिवाय विषय ठरवू नका असं मी आग्रहाने सांगेन.

मग विषय कसा शोधायचा? वर्गात जाऊन. पाचवीच्या मुलांना १/६ मोठा की १/८ असं विचारा, बरीच मुलं १/८ म्हणतात, कारण सहापेक्षा आठ मोठे. इथे संशोधनाचं काम सुरू होतं. समजा टॅबवर संख्यारेषा दिलीय आणि मुलाने बोटाने बिंदू सरकवून १/८ ची जागा दाखवायचीय. चुकलं तर एका गटाला नुसती फुली दिसते, दुसऱ्या गटाला १/६ आणि १/८ च्या पट्ट्या एकाखाली एक दिसतात. दोन्ही गटांना टॅब आहेच, वेळ तितकाच, गणितं तीच, फरक फक्त चूक दाखवण्याच्या पद्धतीत. महिन्याभराने कागदावर वेगळी गणितं द्या आणि कोणत्या गटातल्या मुलांची समज टिकलीय ते बघा. आता तुमच्याकडे खरा प्रश्न आहे, आणि उत्तर काहीही आलं, अगदी फरक पडला नाही असं आलं तरी, ते शिकवणाऱ्याच्या कामाचं असेल.

हे दोन पानांत लिहा आणि मग गाईड शोधा. मेलमध्ये नुसता बायोडेटा पाठवून 'मला आपल्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करायची आहे' एवढंच लिहिलं तर उत्तर येणं कठीण. त्यांचे अलीकडचे एक-दोन पेपर वाचा, तुमचा प्रश्न त्यांच्या कामाला कुठे जोडला जातो ते चार ओळींत लिहा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंटकडे ४ विद्यार्थी असू शकतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, त्यामुळे जागा आहे का हे सरळ विचारा, त्यात काही वावगं नाही. त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशीही बोला. गाईड ड्राफ्ट वाचून किती दिवसांत परत देतात, हा एक प्रश्न विचाराच.

आता जागा. आयआयटी मुंबईत पवईला या विषयाचं स्वतंत्र केंद्र आहे, २०१० पासून तिथे यात पीएचडी होते, आणि इंजिनिअरिंग, विज्ञान, शिक्षणशास्त्र अशा वेगवेगळ्या वाटांनी लोक तिथे येतात. एसएनडीटी महिला विद्यापीठाचा जुहूला एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचा विभाग आहे. विज्ञान-गणित शिकण्यातच जास्त रस असेल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघा. बाकी विद्यापीठांत पदवी बहुधा शिक्षणशास्त्राची मिळते आणि विषय तंत्रज्ञानाचा घेता येतो, ते पूर्ण चालतं.

पात्रता साधारण मास्टर्सला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सूट. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट अर्जही करता येतो. २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या स्कोअरवर पीएचडी प्रवेशाची सोय झालीय, जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) नसलेल्यांना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, पण तो स्कोअर प्रवेशासाठी एकच वर्ष चालतो हे लक्षात ठेवा. नेटमध्ये एड-टेक असा वेगळा विषय नाही, 'एज्युकेशन' घ्यायचा, त्यात तंत्रज्ञानाचं एक युनिट आहे. काही विद्यापीठं स्वतःची पेट, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षाही घेतात, आणि आयआयटीचे नियम त्यांचे स्वतःचे, तेव्हा ज्या त्या वेबसाईटवरची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

पैशाचा विचार लाजत करू नका. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० असा दर २०२३ पासून आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या ठराविक समाजगटांसाठी फेलोशिप आहेत, त्यांच्या जाहिराती सतत बघत राहा. नोकरी सोडणं शक्य नसेल तर पार्ट-टाईमही करता येते, त्याला तुम्ही नोकरी करता त्या संस्थेची एनओसी (ना-हरकत पत्र) लागते आणि ती मुलाखतीच्या आधीच मागून ठेवलेली बरी. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा, वर दोन वर्षांची वाढ मिळू शकते, महिलांना आणखी दोन, शिवाय बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. बायकांनी हा नियम माहीत करून घ्यावाच, घरात आणि ऑफिसात दोन्हीकडे उपयोगी पडतो. आणि 'घरबसल्या ऑनलाईन पीएचडी, परदेशी विद्यापीठाशी टाय-अप' अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका, एड-टेक कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या असल्या पीएचडीला मान्यता नाही असं यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची नियामक परिषद) यांनी २०२२ मध्येच जाहीर केलंय.

प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क (शिकून पास व्हायचे विषय) असतं. त्यात संख्याशास्त्र मनापासून शिका, विश्लेषण बाहेर कुणाकडून करून घेऊ नका, कारण व्हायवात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, हीच चाचणी का वापरली असं विचारलं की उत्तर तुम्हालाच द्यायचंय. आर आणि जामोवी ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर फुकट आहेत, संदर्भ नोंदवून ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा.

शाळेत जायच्या आधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, झेडपीची शाळा असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, तुमच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पालकांचं संमतीपत्र, तेही आई-आजीला वाचून कळेल अशा मराठीत. मूल नको म्हणालं तर त्याला सोडून द्यायचं, त्याचा हक्क आहे तो. वेळापत्रकही शाळेचं पाळायचं, सहामाही, सहल, गॅदरिंग, निवडणूक ड्युटी हे सगळं धरून, दिवाळीनंतरचे काही आठवडे त्यातल्या त्यात मोकळे मिळतात.

मुख्य प्रयोगाआधी पाच-सहा मुलांबरोबर पायलट (छोटा आधीचा प्रयोग) करा, त्यांना करता करता मोठ्याने बोलायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा. मूल म्हणेल, 'आठ भाग केले म्हणजे जास्त झाले ना', आणि हे वाक्य तुम्हाला कुठल्याही प्रश्नावलीतून मिळालं नसतं. तिथेच कळेल की एका टॅबवर दोन मुलं बसवली तर लॉगमध्ये (ॲपने ठेवलेल्या नोंदीत) बोट कुणाचं होतं ते शोधता येत नाही, की वेगळ्या गटातली मुलं शेजारी बसली तर एकमेकांच्या पट्ट्या बघतात, की वायफाय दुपारनंतर जातं. म्हणून सगळं ऑफलाईन चालेल असं बनवा आणि डेटा रोज संध्याकाळी दोन ठिकाणी कॉपी करा.

पेपर छापण्याची सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढली, तुमच्या विद्यापीठाची असू शकते, ते विचारून घ्या. पण पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलच्या वाटेला जाऊ नका, तसला पेपर पुढे मुलाखतीत तुमच्याच अंगावर येतो. प्रबंधात इतरांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांच्या आत हवं, त्याच्या वर गेलं की सुधारून पुन्हा सादर करण्यापासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत टप्पे आहेत.

आणि प्रबंध छापायला टाकण्याआधी त्या शाळेसाठी मराठीत दोन पानं लिहा, कोणत्या चुका मुलं करत होती, कशाने सुधारल्या, कशाने नाही, आणि पाचवीच्या बाईंना ती पुढच्या वर्षी अपूर्णांकाचा धडा सुरू व्हायच्या आत मिळतील असं बघा.