आमदारांचं प्रगतिपुस्तक कसं काढावं

अमेरिकेत यूएस चेंबर ऑफ कॉमर्स ही व्यापार-उद्योगांची संघटना तिथल्या खासदारांना दरवर्षी गुण देते. महत्त्वाच्या विधेयकावर मतदान व्हायच्या आधीच चेंबरचं पत्र जातं: आमची बाजू ही, आणि हे मत आम्ही मोजणार. २०१९ पासून ८० टक्के गुण मतांना, १० पुढाकाराला आणि १० दोन्ही पक्षांना जोडून काम करण्याला.

सांगली-साताऱ्यातल्या व्यापारी-उद्योजक संघटनेने आपल्या आमदारांसाठी हा साचा जसाच्या तसा उचलला तर हसं होईल. विधानसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. कोणी 'होय' म्हटलं याची नोंदच नसते. मतविभागणी, म्हणजे नावानिशी मतमोजणी, झालीच, तर व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश असतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे तो मोडला की आमदारकी धोक्यात. म्हणजे ते मत पक्षाचं, आमदाराचं नव्हे.

म्हणून मोजायचं ते काम: तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं). एका प्रश्नाखाली बऱ्याचदा सह्यांची रांग असते. पहिल्या नावाला पूर्ण गुण द्या, बाकीच्यांना पाव. नाहीतर नुसती सही ठोकणारा पहिला येतो.

विषय अधिवेशनाआधी ठरवून आमदारांना लेखी कळवा. सहा-सात पुरेत. निकाल खरं तर इथेच लागतो. संघटनेच्या अध्यक्षांच्या मर्जीतल्या आमदाराला सोयीचे विषय घेतले, की पुढची बेरीज नुसती शोभेची. कुपवाड एमआयडीसीचे रस्ते चालतील. हळद-बेदाण्यावरचा बाजार समितीचा सेसही चालेल, पण त्यावर अडत्या आणि कारखानदार यांचं एकमत आहे का, हे आधी सभासदांना विचारा. जीएसटीचा दर मात्र आमदाराच्या माथी मारू नका, तो जीएसटी परिषदेत ठरतो. वीजदरही नको, तो नियामक आयोग ठरवतो.

गैरहजेरीचा नियमही आधीच लिहून ठेवा. हिशोबाच्या सोयीसाठी दहा विषय धरू: सातांवर आमदार तुमच्या बाजूने बोलला, एकावर विरोधात, दोन विषयांच्या वेळी सभागृहातच नव्हता. गैरहजेरी वगळली तर सात भागिले आठ, ८७.५ टक्के, धरली तर सरळ ७०. माणूस तोच, कामही तेच.

मंत्री आणि विधानसभा अध्यक्ष प्रश्न विचारत नाहीत, त्यांना यादीतून वगळा. सांगलीत आठ आणि साताऱ्यात आठ मतदारसंघ. इतक्या थोड्या जणांत 'तिसरा क्रमांक' लावण्यात अर्थ नाही. टक्क्यांशेजारी मूळ आकडा छापा. छापण्याआधी प्रत्येकाच्या पीएकडे कच्चा तक्ता पाठवून आठ दिवस द्या. सुटलेला प्रश्न क्रमांकासह दाखवला तर गुण वाढवा, नुसता फोन आला तर नको.