गिनी आणि गावरान कोंबड्या एकत्र पाळताय? या चुका टाळा

आखाड्यावर साप फिरकू नये, गोचीड-किडे कमी व्हावेत आणि अवेळी कुणी आलं तर ओरड व्हावी, म्हणून बरेच शेतकरी गावरान कोंबड्यांमध्ये चार-सहा गिनी कोंबड्या आणून सोडतात. हिवाळाभर सगळं ठीक चालतं. होळी सरते, ऊन तापायला लागतं आणि एका सकाळी घरचा कोंबडा बैलगाडीखाली अंग चोरून बसलेला दिसतो, शेपटीची निम्मी पिसं गायब. मग "गिनी भांडखोरच असते" म्हणत ती विकून टाकली जाते. मला हे पटत नाही. गिनी मूळची आफ्रिकेच्या मोकळ्या माळरानातली. तिला पळायला वाव, बसायला उंच जागा आणि खायला वेगळं भांडं मिळालं, तर ती कोंबड्यांसोबत नीट नांदते. आपण तिला कोंबडीचीच एखादी जात समजतो आणि बहुतेक गडबड तिथूनच सुरू होते.

नरांची संख्या न बघता आणणं

सगळ्यात जास्त भांडणं यातून होतात. आपल्याकडे गिनीचा अंड्यांचा हंगाम साधारण मार्च-एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत असतो आणि त्याच काळात नर तापट होतात. कोंबडा भांडतो तो समोरासमोर. मानेची पिसं फुलवायची, दोन उड्या मारायच्या, एकानं माघार घेतली की विषय संपला. गिनीच्या नराची रीत वेगळी. तो पाठीला बाक देतो, पंख पाठीवर उचलून धरतो, मान खाली घालून धावत येतो आणि मागून शेपटीची पिसं धरतो. कोंबडा पळाला तरी हा थांबत नाही, अंगणभर पाठलाग चालूच राहतो. अंगण चारी बाजूंनी बंद असेल, तर कोंबड्याला सुटायला वाटच उरत नाही.

म्हणून चार-पाच माद्यांमागे एकच नर ठेवा. नर-मादी ओळखायला आवाज ऐका. मादी दोन तुकड्यांत हाक देते आणि दुसरा तुकडा वर चढतो. नर एकाच सुरात चिक-चिक-चिक करतो. घाबरल्यावर मादीही एकसुरी ओरडते, त्यामुळे नुसत्या एकसुरी आवाजावरून तो नरच आहे असं ठरवू नका. दोन तुकड्यांची हाक ऐकू आली, तर मात्र ती मादी नक्की. पिल्लं दोनेक महिन्यांची झाली की हा फरक कळायला लागतो. नराच्या चोचीखाली लोंबणारे मांसल गलोलही मोठे आणि वाटीसारखे वळलेले असतात.

अंगणात आडोसे करा. तुराट्यांचा उभा भारा, उलटं डालगं, कडब्याची पेंढी, काहीही चालेल. पाठलाग करणाऱ्याच्या नजरेआड होता आलं की कोंबडा वाचतो. दाणा-पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि एका भांड्यापासून दुसरं दिसणार नाही असं बघा. एकाच भांड्यावर सगळे आले, तर गिनी कोंबड्यांना हुसकून लावतात आणि तलंगा उपाशी राहतात.

एकटी गिनीही आणू नका. हा थव्यानं राहणारा पक्षी आहे, निदान पाच-सहा तरी हव्यात.

आणल्या दिवशीच मोकळं सोडणं

बाजारातून आणलेली मोठी गिनी सोडली, की ती उडून जी जाते ती परत येत नाही. नव्या जागेला घर मानायला तिला सहा-आठ आठवडे लागतात. तेवढे दिवस जाळीच्या खोलीत ठेवा, पण अशा जागी की गावरान कोंबड्या जाळीतून दिसतील. म्हणजे ओळख आपोआप होते. पहिले दोन-तीन आठवडे मात्र रोगाच्या भीतीपोटी जाळीही लांबच हवी. सोडतानाही सगळ्या एकदम सोडू नका. आधी एक-दोन सोडा, बाकीच्या आत असल्या की बाहेरच्या त्यांच्या ओढीनं परत येतात.

पकडताना पाय धरू नका. कोंबडी पायाला धरून उलटी न्यायची आपल्याला सवय असते, पण गिनीचे पाय नाजूक, झटापटीत निखळतात. दोन्ही पंखांसकट अंग धरा.

रात्रीची सोय न करणं

दिवस कलला की गिनी कडुलिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसते. दिसायला छान दिसतं, पण घुबड आणि रानमांजर यांना तीच जागा सापडते. गिनीला अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळे ती अंधाऱ्या खुराड्यात शिरायलाच तयार नसते. लोक याला हट्टीपणा समजतात. तिन्हीसांजेला खुराड्यात बारीक दिवा लावून ठेवा, सूर्य मावळायच्या आधी पत्र्याच्या डब्यात बाजरी खुळखुळवा आणि दाणे आतच टाका. रोज तीच वेळ, तोच डबा. काही दिवसांत त्या डब्याच्या आवाजानं रांगेनं आत येतात.

आत बसायच्या दांड्या दोन उंचीवर हव्यात. वरची पाच-सहा फुटांवर गिनीसाठी, खालची कोंबड्यांसाठी. एकच दांडी असली की रोज संध्याकाळी जागेवरून मारामारी ठरलेली. बंद खुराड्यात एका गिनीला तीन-चार चौरस फूट जागा धरा.

अंडी एकत्र बसवणं

गिनी अंडी लपवते. तुरीत, बांधाच्या गवतात, कुठेही. बहुतेक अंडी दुपारपर्यंत घातली जातात, म्हणून हंगामात खुराडं अकरा-बाराच्या पुढेच उघडा.

पिल्लं काढायला खुडूक गावरान कोंबडी चांगलीच. गिनी स्वतः पिल्लांना दवानं ओल्या गवतातून फिरवते आणि ती गारठून मरतात. पण कोंबडीखाली दोन्ही अंडी एकाच दिवशी ठेवली, की नुकसान होतं. कोंबडीची पिल्लं 21 दिवसांत निघतात, गिनीला 26 ते 28 दिवस लागतात. कोंबडी आपली पिल्लं घेऊन उठते आणि गिनीची अंडी गार पडतात. खाली नुसती गिनीचीच अंडी ठेवा, नाहीतर ती आठवडाभर आधी ठेवून मग कोंबडीची घाला.

पिल्लांना मिळेल ते खाद्य देणं

इथे चूक जिवावर बेतते. कोंबडीच्या काही तयार खाद्यांत रक्ती हगवणीवरचं औषध मिसळलेलं असतं. त्यातलं मोनेन्सिन गिनीला विषासारखं आहे, त्यानं गिनी मरतात. पोत्यावरचं लेबल वाचा, दुकानदाराला विचारा, खात्री झाली नाही तर ते खाद्य गिनीपुढे टाकू नका. पहिल्या महिन्यात पिल्लांना 24 ते 26 टक्के प्रथिनांचं खाद्य हवं. नुसत्या ज्वारीच्या कण्यांवर ती खुरटतात. पाण्याचं भांडं उथळ ठेवून त्यात खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. खाली गुळगुळीत कागद अंथरू नका, पाय फाकून पिल्लं कायमची अधू होतात.

"गिनीला रोग होत नाही" हा समज

गिनी काटक आहे, पण मानमोडी (राणीखेत) तिलाही होऊ शकते आणि फारशी लक्षणं न दाखवता ती कोंबड्यांना लागण देऊ शकते. लस द्यायची तर सगळ्या कळपाला. पिल्लं पाच-सात दिवसांची असताना मानमोडीची लासोटा लस, सहा-आठ आठवड्यांची झाली की त्याच रोगाची आर-टू-बी लस, आणि जंताचं औषध वेळच्या वेळी. डोस तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, मेलेला पक्षी तपासायचा असेल तर तिथे चौकशी करा.

कादंबरी, चितंबरी, श्वेतांबरी हे गिनीचे वाण उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत तयार झाले. पिल्लं घेताना वाण जरूर विचारा.

सापाबद्दल एक सांगायला हवं. गिनी साप दिसताच गोळा होऊन कालवा करतात आणि लहान साप टोचून मारतातही. पण मोठ्या नागापासून त्या आपलं रक्षण करतील या भरवशावर पोरांना अंधारात गवतात पाठवू नका. आणि हाच कालवा रोज पहाटे होतो, त्यामुळे घर गावठाणात दाटीत असेल, तर आणायच्या आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्या.

कोंबड्याला रक्त निघालेलं दिसलं तर त्याला लगेच वेगळा करा. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्याही तिथेच टोचतात. जखम भरून आल्यावर संध्याकाळी, सगळे दांडीवर बसल्यावर, परत सोडा. एवढं करूनही एखादा नर पाठलाग सोडत नसेल, तर हंगाम संपेपर्यंत त्याला जाळीत ठेवा. पुढच्या वर्षीही त्यानं तेच केलं, तर तो एक नर विका, सगळ्या गिनी नकोत.