अमेरिकेत नवीन आहात आणि मुलांच्या कस्टडीचा आदेश बदलायचाय?

वेगळं झालेल्या आपल्या जोडप्यांत मी सतत एक गोष्ट पाहते. कोर्टाचा आदेश फायलीत पडून राहतो आणि रोजचा व्यवहार व्हॉट्सॲपवर ठरतो. ‘शुक्रवारी नको, रविवारी ने.’ ‘या महिन्यात अर्धेच पैसे देतो.’ जोवर पटतंय तोवर ठीक. बिनसलं की जजच्या सहीचा कागदच खरा ठरतो. म्हणून एकमत झालं असेल तर ते लिहून काढा, दोघांनी सह्या करा आणि कोर्टाची मंजुरी घ्या.

एकमत नसेल तर अर्ज करावा लागतो. नियम राज्यागणिक वेगळे असतात, पण साधारणपणे आधीच्या आदेशानंतर परिस्थिती बरीच बदलली आहे आणि बदल मुलाच्या हिताचा आहे, हे दाखवावं लागतं. शाळेतली हजेरी, डॉक्टरांचे कागद, बदललेली शिफ्ट, असे पुरावे लागतात. जोडीदार कसा वाईट वागला याची वीस पानं लिहू नका.

नोकरी गेली तर मात्र हप्ता कमी करण्याचा अर्ज करायला एक दिवसही थांबू नका. मुलाच्या खर्चाचा थकलेला हप्ता फेडरल (देशपातळीवरच्या) कायद्यानुसार मागाहून कमी होत नाही. सवलत फार तर समोरच्याला अर्जाची नोटीस मिळाल्यापासून मिळते. आणि पैसे थकले म्हणून मुलाची भेट अडवता येत नाही.

लग्न झालेलं नसेल तर वडिलांनी पितृत्वाची नोंद करून घ्यावी. पितृत्व मान्य करणाऱ्या कागदावर स्वेच्छेने सही केली असेल तर ती साधारण ६० दिवसांत मागे घेता येते, नंतर फसवणूक, दबाव किंवा वस्तुस्थितीबाबतची मोठी चूक सिद्ध करावी लागते. भेटीचे हक्क बहुधा वेगळे मागावे लागतात.

आता सगळ्यात नाजूक विषय. रागाच्या भरात मुलाला भारतात नेऊन तिथेच ठेवू नका. दुसऱ्या पालकाचे हक्क डावलण्यासाठी असं करणं १९९३ पासून फेडरल गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्या देशात नेलेली मुलं परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे मूल परत आणणं फार अवघड जातं, म्हणून इथले जज प्रवासाच्या परवानगीबाबत सावध असतात. सुट्टीत न्यायचं असेल तर तारखा आणि परतीचं तिकीट दाखवून लेखी परवानगी घ्या. उलट तुम्हालाच भीती असेल, तर मुलाचं नाव अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या पासपोर्ट सूचना योजनेत नोंदवा. कुणी मुलासाठी अमेरिकन पासपोर्टचा अर्ज केला तर तुम्हाला कळवलं जातं.

आणि एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आलेल्या मैत्रिणींनो, ‘तू डिपेंडंट आहेस, तुला मूल मिळणारच नाही’ ही धमकी खोटी आहे. व्हिसामुळे आईपण जात नाही. इंग्रजीची अडचण असेल तर कोर्टाच्या क्लार्ककडे मराठी दुभाषा आधीच मागा, मुलाला भाषांतराला उभं करू नका.