दिव्यांग माणसाला कामावर घ्यायचंय? आधी त्यालाच विचारा, मग सिमेंट मागवा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात एका मशीन शॉपमध्ये मी स्टोअर आणि हजेरी बघतो. आमच्याकडं तीन-चार दिव्यांग कामगार आहेत, त्यांना घेताना आम्ही भरपूर घोळ घातले म्हणून लिहूलोय, निदान तुम्ही तेच घोळ परत घालू नका.

पहिला घोळ रॅम्पचा. पोलिओ झालेला एक जण अकाउंटला येणार म्हणून मालकांनी हौसेनं तो यायच्या आधीच रॅम्प बांधून घेतला, दाराची पायरी नऊ इंच आणि रॅम्प जेमतेम चार फूट, वर चकचकीत ग्रॅनाइट! जूनमध्ये आपला बेळगावचा पाऊस सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात चहावाला पोरगा किटलीसकट खाली आला, आणि तो तर चांगला धडधाकट. ज्याच्यासाठी एवढं केलं तो बाजूच्या पायरीवरनंच चढायचा, कारण तो कुबडी घेऊन चालतो, त्याला उतारापेक्षा पायरी सोपी, फक्त धरायला कठडा पाहिजे होता. विचारलंच नव्हतं की कुणी!

त्यामुळं पहिलं काम म्हणजे विचारणं. "तुला काय झालंय" हे नाही, ते गावभर विचारून झालेलं असतंय. "काम करताना कुठं अडतंय" एवढंच विचारा, आणि पहिल्या दिवशी विचारून सोडू नका, महिन्याभरानं परत विचारा, कारण नवीन माणूस पहिल्या दिवशी "काय नाही, सगळं चालतंय" असंच म्हणणार.

आता रॅम्प खरंच लागणार असेल, व्हीलचेअर असेल, तर हिशोब सोपा आहे: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. म्हणजे नऊ इंचाच्या पायरीला नऊ फूट. रुंदी चार फूट, दोन्हीकडं रेलिंग, वर खडबडीत फरशी. दार तीन फुटाचं, आणि खुर्ची वळवायला आत पाच फूट मोकळी जागा. गणपत गल्ली, खडे बाजारातल्या दुकानांना समोर एवढी जागा कुठली, पायरी थेट रस्त्यावर, तिथं मागच्या बोळातलं दार बघा, पण मग ते दार कामाच्या वेळेत उघडं ठेवा, किल्ली कुणाकडं आहे म्हणून माणूस पावसात भिजत उभा नको. संडासचं दार बाहेर उघडणारं करा, एक तरी कमोड ठेवा, शेजारी धरायला पाईप. आपल्या भागात गल्लोगल्ली वेल्डिंगवाले आहेत, अर्ध्या दिवसाचं काम आहे ते.

ऐकू न येणाऱ्यांचं आम्हाला लय उशिरा कळलं. आमचा सीएनसीवरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरचा ऑपरेटर काम एक नंबर करतो, पण हूटर वाजला की सगळे जेवायला गेलेले आणि हा आपला मशीनवर. जेवणाचं ठीक आहे ओ, पण उद्या आग लागली तर? मग हूटरच्याच वायरवर फिरणारा लाल दिवा बसवला, त्याला मशीनवरनं दिसेल असा. त्याच्याशी बोलताना तोंड समोर ठेवा, मागनं येऊन खांद्यावर थाप मारू नका, चालू मशीनवर दचकला तर काय होईल सांगायला नको. लिहून देऊ म्हणाल तर आधी कुठल्या भाषेत ते विचारा, आपल्याकडं एक मराठी शाळेतला तर दुसरा कन्नड शाळेतला. सूचना चित्रात काढली की हा प्रश्नच मिटतो. ऑफिसात लाइव्ह ट्रान्सक्राइब ॲप चालतंय, मराठी-कन्नड दोन्ही लिहून दाखवतंय, शॉप फ्लोअरवर मात्र आवाजात त्याचं काही चालत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत, रोजच्या कामाच्या वीस-तीस खुणा टीममधल्या चौघांनी शिकल्या तरी खूप.

अंध माणूस कॉम्प्युटरवर काम करू शकतो, स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. अडचण आपल्या फायलींची आहे. नुडी नाहीतर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र स्क्रीन रीडरला नुसती अक्षरांची खिचडी वाटते. युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं तसंच टाइप करा, आणि कागद स्कॅन करून फोटोसारखी पीडीएफ पाठवू नका.

टोपणनावं बंद करा. लंगड्या, मुक्या, आंधळ्या, आपल्याकडं हे प्रेमानं म्हणतात म्हणे! आम्ही हजेरीच्या वेळी मुद्दाम सगळ्यांसमोर पूर्ण नावानं हाक मारायला लागलो, दोन महिने गेले पण सुटलं. आणि "बिचारा आहे, देईल तेवढ्यात करतो" म्हणून पगार कमी लावायचा हा धंदा तर अजिबात नको.

दिव्यांग म्हणजे बाहेरनं आलेला कुणीतरी वेगळा, हे पण डोक्यातनं काढा. प्रेसवर बोटं गेलेला आपलाच कामगार असतोय, त्याला घरी पाठवण्याऐवजी इन्स्पेक्शनला नाहीतर स्टोअरला घ्या, पंधरा वर्षांचा अनुभव बोटांबरोबर जात नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात मानसिक आजार, थॅलेसेमिया, पार्किन्सन्स पण येतात, म्हणजे बघून कळणार नाहीत असे कितीतरी. सरकारी नोकरीत 40 टक्के आणि वर दिव्यांगत्व असलेल्यांना 4 टक्के आरक्षण आहे. खाजगीत तसं आरक्षण नाही, पण समान संधीचं धोरण सगळ्यांनाच ठरवावं लागतं, आणि 20 किंवा जास्त कामगार असतील तर त्यात कुठली पदं, काय सोयी, कुणाशी बोलायचं हे सविस्तर लिहावं लागतं. आमच्या एरियात किती जणांनी लिहिलंय विचारू नका.

आमचा तो चार फुटी रॅम्प फोडला, शेजारच्या शेडच्या बाजूनं नऊ फुटाचा नवीन केला आणि पायऱ्यांना कठडा बसवला. रॅम्पवरनं सध्या सगळ्यात जास्त जाते ती आमची माल न्यायची ट्रॉली, हमाल मामा म्हणतात हे आधीच का नाही केलंत.