जुना वाडा आधुनिक करताना : आधी माळवद, मग भिंत, रंग शेवटी

भिंती दोन-अडीच फूट जाड, वर माळवद (लाकडी कड्यांवर मातीचे सपाट छत), मध्ये चौक, आणि घरातील तरुण मंडळींना मात्र मोबाइलवर पाहिलेले मोकळे, लाकूड-दगडाचे, मंद पिवळ्या उजेडाचे उबदार घर हवे असते. सोलापुरात कसबा, शुक्रवार पेठ, बाळीवेस या भागांतील कितीतरी मोठ्या घरांत सध्या हीच चर्चा चालू असते. सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. एक जण फॉल्स सीलिंग करून माळवद झाकून टाकायला सांगतो, दुसरा भिंतींवर लाकडी रंगाचे लॅमिनेट चिकटवायला सांगतो आणि तिसऱ्याला सगळे पाडून स्लॅबच टाकायचा असतो. या तिघांचेही ऐकू नये. उबदारपणासाठी लागणारे सामान अशा घरात आधीपासूनच असते. सागवानी कडीपाट (छताच्या कड्या आणि त्यांवरच्या फळ्या), काळा दगड, चुना, शहाबादी फरशी हे सगळे जागेवरच असते. ते फक्त ऑइलपेंट, सिमेंटचा गिलावा आणि चिकटवलेल्या टाइल्स यांच्याखाली दडलेले असते. खरी उणीव असते ती मोकळेपणाची, आणि तो मोकळेपणा योग्य ठिकाणी काढलेल्या एक-दोन रुंद वाटांतून मिळतो. म्हणून पैसा आणि वेळ यांचा मोठा वाटा छत आणि भिंत यांवर खर्च करावा. सजावट उरलेल्यात बसवावी.

घराची मापे घेतलेली आहेत, महापालिकेची परवानगी हातात आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरलेला आहे आणि सामान हलवलेले आहे, असे येथे गृहीत धरले आहे. काम दिवाळीनंतर सुरू करावे आणि वळवाचा पाऊस येण्याच्या बऱ्याच आधी छत बंद झालेले असावे. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मजूर येत नाहीत, हे वेळापत्रकात आधीच धरून चालावे. त्यावरून मुकादमाशी भांडण्यात अर्थ नाही.

वजन कोण पेलते?

कोणत्याही भिंतीला हात लावण्यापूर्वी छताचे वजन खांबांवर आहे की भिंतीवर, हे ठरवावे लागते. जुन्या खणांच्या बांधणीत पुष्कळदा तुळईखालचा, म्हणजे छत पेलणाऱ्या जाड आडव्या लाकडाखालचा, सागवानी खांब भिंतीच्या आतच लपलेला असतो, त्यामुळे बाहेरून पाहता छत भिंतीवर टेकले आहे असेच वाटते. तुळईच्या टोकाखालचा गिलावा वीतभर रुंद पट्टीत वरपासून खालपर्यंत खरवडून पाहावा. खांब दिसला तर त्याच्या तळाशी पेचकस टोचून पाहावा. पेचकस सहज आत शिरत असेल तर लाकूड कुजले आहे किंवा त्याला वाळवी लागली आहे. मग त्या खांबाच्या दुरुस्तीखेरीज दुसरे काहीही सुरू करू नये. खांब दिसलाच नाही तर भिंत भार वाहणारी आहे असे समजूनच पुढे जावे.

पेठांतील घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. भिंत सामाईक असेल तर पलीकडच्या बाजूने शेजाऱ्याच्या कड्याही त्याच भिंतीत शिरलेल्या असतात. अशा भिंतीत नवी वाट काढू नये, मग घरमालकाची हौस कितीही दांडगी असो.

माळवद हलके करणे

माळवदावरची माती दर पावसाळ्यापूर्वी नवा थर चढवून वाढत गेलेली असते. एक फूट जाडीची ठोकलेली माती दर चौरस फुटाला साधारण ४५ ते ५० किलो भरते. म्हणजे दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती असेल, तर डोक्यावर आठ टनांहून अधिक भार आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि असल्या जड माळवदांखाली गाडली जाऊन. जेथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा स्वतंत्र आणि धड होता, तेथे भिंती ढासळूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे त्याच भूकंपात दिसली. आपल्या भागात घर बांधणाऱ्याला याहून वेगळा पुरावा लागू नये.

माती काढताना सगळ्या खोलीवरून थोडी थोडी, समान थराने काढावी. एका बाजूची पूर्ण उपसून दुसरी बाजू तशीच ठेवल्यास तुळया पिळल्या जातात. पाट आणि कड्या तपासून, कुजलेल्या बदलून, त्यावर जलरोधक थर, उष्णतारोधक पत्रे, जाळी घातलेला पातळ काँक्रीटचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे अशी रचना करावी. मातीच्या जाडीमुळे घर थंड राहत होते, ते काम आता उष्णतारोधक थराने करायचे असते. म्हणून मे महिन्यात ४३ अंशांपर्यंत जाणाऱ्या गावात तो थर वाचवून पैसे वाचत नाहीत. सवणे, म्हणजे माळवदातले उजेडाचे भोक, बुजवू नये. त्यावर जाड काच आणि बाजूला वारा जाण्यास फट ठेवली की माजघराला दिवसा दिवा लागत नाही.

स्लॅबचा आग्रह धरणाऱ्यांना एवढेच सांगावे, की नवा स्लॅब जुन्या मातीपेक्षा जड असेलच असे नाही. अडचण वेगळी आहे. मातीत रचलेल्या दोन पदरी भिंतीच्या फक्त आतल्या पदरावर तो टेकतो, बाहेरचा पदर सुटा राहतो आणि पुढे काही वर्षांत त्या बाहेरच्या पदराला पोट येते, म्हणजे तो फुगून बाहेर येतो.

भिंतीत रुंद वाट काढणे

सगळ्या कामात खरा कस येथे लागतो. यावर ऐकू येणारा सल्ला साधारणपणे ‘वर गर्डर टाका आणि खाली फोडा’ एवढाच असतो. एवढ्या सल्ल्यावर भिंत फोडणाऱ्याला घरात पाऊल ठेवू देऊ नये.

जुनी दगडी भिंत एकसंध नसते. बाहेर एक दगडी पदर, आत एक दगडी पदर आणि दोहोंच्या मध्ये खडे, कपच्या व माती, अशी ती असते. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड चांगल्या गवंड्याने घातलेले असतील तर असतात, नाही तर नसतातच. अशा भिंतीत खाली पोकळी केली की वरची माती सुकलेल्या पिठासारखी गळू लागते आणि दोन्ही पदर एकमेकांपासून सुटतात. त्यामुळे फोडण्याआधी बांधून घ्यायचे, हा क्रम कधीही मोडू नये.

प्रथम ओळंबा सोडून भिंतीला पोट आले आहे का ते पाहावे. आले असेल तर ती भिंत सोडून दुसरी निवडावी. जागा निवडताना कोपऱ्यापासून किमान तीन फूट भिंत शाबूत ठेवावी, आणि मातीत रचलेल्या भिंतीत वाटेची रुंदी पाच-सहा फुटांपेक्षा जास्त मागू नये. बारा फुटांचा एकच सलग हॉल हवा, असा हट्ट असेल तर मधला खांब आणि दोन वाटा यांवर समाधान मानावे. खरे तर जुन्या सोप्याच्या (ओसरीच्या) खणांशी तीच रचना जुळते आणि दिसतेही चांगली.

त्यानंतर वाटेच्या दोन्ही बाजूंना आणि वर, साधारण तीन-चार फुटांच्या अंतराने, भिंतीत हाताने आरपार भोके करावीत. दगड पहारीने उपटू नयेत. लहान सळईने हलके फिरवून एकेक मोकळा करावा. भोकात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरावे. हे नवे आरपार दगडच झाले. किल्लारीनंतर मराठवाड्यातील जुनी घरे बळकट करताना ही रीत वापरली गेली, आणि खर्चाच्या मानाने तिच्याइतका उपयोगी उपाय मला दुसरा ठाऊक नाही. हे काँक्रीट किमान आठवडाभर भिजवत ठेवावे. सोलापुरात नळाला रोज पाणी नसते, त्यामुळे या आठवड्याचे पाणी आधीच साठवून ठेवलेले असावे. ‘टँकर आला नाही’ म्हणून सुकू दिलेले काँक्रीट भिंत बांधत नाही.

मग टेकू. भिंतीच्या दोन्ही बाजूंना तुळयांखाली लोखंडी जॅक लावून छताचा भार आधी त्यांच्यावर घ्यावा. येथे जुन्या घरांत एक सापळा असतो, तो म्हणजे पेव, धान्य साठवण्याचा जमिनीखालचा खड्डा. माजघराच्या फरशीखाली ज्वारीचे पेव असण्याची शक्यता बरीच असते आणि नव्या पिढीला त्याची माहितीही नसते. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, शिवाय सगळ्या फरशीवर पहारीचे बोथट टोक आपटत फिरावे. भरीव जमिनीचा आवाज दबका येतो, पेवाच्या तोंडाजवळ तो एकदम घुमतो. पेव सापडले तर मुरूम घालून ठोकून भरावे, आणि तरीही जॅकखाली जाड फळ्या आडव्या घालाव्यात. नुसत्या शहाबादी फरशीवर जॅक उभा करू नये.

आता वाटेच्या माथ्याच्या वर, दर अडीच-तीन फुटांवर भिंतीतून लोखंडी आय-सेक्शन (इंग्रजी I च्या आकाराचा गर्डर) आरपार घालून त्याची दोन्ही टोके जॅकवर टेकवावीत, म्हणजे वरची भिंतही हवेत धरली जाते. त्यानंतरच लिंटेल, म्हणजे वाटेच्या माथ्यावरचा आडवा आधार, बसवायचे, तेही अर्ध्या-अर्ध्याने. एका बाजूने भिंतीच्या निम्म्या जाडीपर्यंत खाच घ्यावी, तीत पहिला गर्डर बसवावा, दोन्ही टोकांना किमान फूटभर टेक आणि टेकाखाली काँक्रीटचा बेड द्यावा, व गर्डरच्या वरची फट न आकसणाऱ्या ग्राउटने ठासून भरावी. ते पूर्ण घट्ट झाल्यावरच दुसऱ्या बाजूची खाच घ्यावी आणि दुसरा गर्डर बसवून दोन्ही बोल्टांनी जोडावेत. गर्डरचे माप इंजिनिअरने द्यावे. भंगार बाजारात स्वस्त मिळाला म्हणून आणलेला गर्डर चालवून घेऊ नये.

लिंटेल बसल्यावर खालची भिंत वरून खाली, दगडामागून दगड, हाताने उतरवावी. ब्रेकर मशीन या घरात आणूच नये. एका पेठेत ठेकेदाराने वेळ वाचवण्यासाठी ते चालवले आणि सायंकाळपर्यंत वाटेपासून दूर असलेल्या, ज्या भिंतीला कोणी बोटही लावले नव्हते तिच्या बाहेरच्या पदराला पोट आलेले मी पाहिले आहे. हादरा जेथे मशीन लावतो तेथेच थांबत नाही.

काम चालू असताना आसपासच्या जुन्या भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवून त्यांवर तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली तर भेग हलते आहे. अशा वेळी ‘जुनीच भेग आहे, काही होत नाही’ हे वाक्य ऐकून न घेता काम थांबवावे आणि इंजिनिअरला बोलवावे. जॅक काढतानाही सगळे एकदम सोडू नयेत. मधला आधी किंचित सैल करावा, पट्ट्या पाहाव्यात, एक-दोन दिवस जाऊ द्यावेत, मग शेजारचा. निघालेले घडीव दगड टाकू नयेत. वाटेच्या बाजू त्यांनीच चुन्यात बांधून काढल्या की त्या आधुनिक घराला शोभणारी भिंत वेगळी ‘डिझाइन’ करावी लागत नाही.

भिंतींचा गिलावा

जुन्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा काढून टाकावा, कारण तो ओल आत कोंडतो आणि जोत्यापासून हात-दोन हात उंचीपर्यंत लोणा (ओलीबरोबर भिंतीवर फुटणारे क्षार) चढत राहतो. लोणा लागलेल्या भिंतीवर पुट्टी आणि महागडा रंग लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. भिंत सुकू द्यावी, मग चुन्याचा गिलावा करावा आणि आमच्या कोरड्या हवेत तो ओल्या गोणपाटाखाली ठेवून सावकाश घट्ट होऊ द्यावा. चुन्याचा किंचित पिवळसर, न चमकणारा पांढरा रंग हाच उबदार आधुनिक घराचा खरा रंग आहे. त्यासोबत गेरूसारख्या रंगाची एखादी भिंत पुरे होते, चार भिंतींना चार रंग नकोत.

बाकीचे

शहाबादी फरशी शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलीच. उखडू नये, सपाट करून मंद पॉलिश करावे. सागवानावरचा ऑइलपेंट खरवडून नुसते तेल द्यावे. स्नानगृहे एकाच बाजूला, नव्या बांधकामात घ्यावीत. त्याचा पाया काळ्या मातीत न थांबता मुरमापर्यंत न्यावा आणि जुन्या भिंतीला तो घट्ट न जोडता मध्ये सांधा ठेवावा, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि नवे-जुने बांधकाम वेगवेगळे खचते. पश्चिमेला मोठी काच लावू नये. मासिकांतील चित्रे थंड देशांतली असतात; आपल्याकडे चारनंतरच्या उन्हात त्या काचेमागे कोणी बसत नाही. काच हवीच असेल तर चौकाकडे तोंड करून घ्यावी.

वायरिंग गिलाव्यापूर्वी पाइपातून करून घ्यावे. दिवे २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, घ्यावेत, छतात ओळीने भोके पाडून बसवण्याऐवजी कोनाडे आणि देवळ्यांत लपवावेत, म्हणजे कडीपाटही दिसतो आणि डोळ्यांवरही येत नाही. आसनांवर आणि पलंगांवर सोलापुरी चादरी घालाव्यात, आणि मोठ्या भिंतीवर एखादे मोठे चित्र विकत आणण्यापेक्षा येथील पद्मशाली विणकरांनी हातमागावर विणलेले वॉल हँगिंग लावावे. ते सवण्याच्या थेट उन्हात येणार नाही एवढे पाहावे, रंग उडतो.