व्हिडिओ गेमचा घरगुती बोर्ड गेम करायचाय? आधी काय काढून टाकायचं ते ठरवा

गेम डिझाइनमध्ये यायचंय पण कोडिंग येत नाही, मग सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: आवडीचा एक व्हिडिओ गेम घ्या आणि तो कागदावर आणून दाखवा. वही, कात्री, दोन फासे आणि पत्त्यांचा एखादा जुना कॅट, एवढ्यावर काम भागतं. मी स्वतः अशीच शिकले आणि अजूनही नवीन कल्पना आधी कागदावरच खेळून बघते.

आता गेम निवडताना लगेच नकाशाभर भटकायचा ओपन वर्ल्ड घेऊ नका, पहिला गेम एका स्क्रीनवर मावणारा असू दे. उदाहरणाला पॅक-मॅनच घेऊया, 1980 चा, नामको कंपनीचा, तोरू इवातानींनी डिझाइन केलेला, सगळ्यांना माहीत असलेला. गोल पॅक-मॅन चक्रव्यूहातले ठिपके खात पळतो, भुतं त्याच्या मागे लागतात, आणि मोठा ठिपका खाल्ला की थोडा वेळ तोच भुतांना खाऊ शकतो. मूळ चक्रव्यूहात 240 छोटे ठिपके आणि 4 मोठे. ते सगळे टेबलावर मांडायचे म्हटलं तर 244 टोकन कापा, प्रत्येक वेळी मांडा, पुन्हा उचला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच सगळे पळून जाणार. 1982 मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने याचा बोर्ड गेम काढला तेव्हा ठिपक्यांच्या जागी गोट्या होत्या आणि प्लॅस्टिकचा पॅक-मॅन त्या गिळायचा, मस्त आयडिया आहे, पण घरी ते प्लॅस्टिक कुठून आणणार.

म्हणून आधी एकच प्रश्न विचारायचा, खेळणारा नेमकं ठरवतो काय? पॅक-मॅनमध्ये दोनच गोष्टी. चौकात आल्यावर कुठे वळायचं आणि मोठा ठिपका कधी खायचा. सरळ गल्लीतून पळताना तो काहीच ठरवत नसतो, मग ती गल्ली हवीच कशाला? कागदावर फक्त चौक काढा, रेघांनी जोडा, प्रत्येक रेघेवर एक टोकन. चक्रव्यूह एका पानावर येतो आणि तरी खेळताना तो पॅक-मॅनच वाटतो.

खरी मजा भुतांची. मूळ गेममधली चार भुतं एकसारखी पाठलाग करत नाहीत. लाल ब्लिंकी थेट तुम्ही आहात त्या घरावर येतो. गुलाबी पिंकी तुमचं तोंड ज्या दिशेला आहे तिकडे चार घरं पुढे निशाणा धरते. नारिंगी क्लाइड आठ घरांपेक्षा लांब असेल तर तुमच्याकडे येतो, जवळ आला की आपल्या कोपऱ्याकडे पळतो. निळ्या इंकीचं गणित तुमच्या पुढचं घर आणि ब्लिंकीची जागा दोन्ही धरून चालतं, ते टेबलावर पट्टी घेऊन मोजत बसावं लागेल, सरळ काढून टाका, तीन भुतं पुरतात. पिंकीचा नियम मात्र कागदावर काय भारी उतरतो! सोंगटीवर एक बाण काढा, बाणाच्या दिशेचा पुढचा चौक हे पिंकीचं लक्ष्य, संपलं. क्लाइडसाठी घरांऐवजी चौक मोजा, दोन चौकांच्या आत आला की माघारी.

इथे एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. कम्प्युटर कोणाला विचारत नाही, माणसं विचारतात. भुताला दोन्ही रस्ते सारखेच जवळ असतील तर? मूळ गेममध्ये त्याचा क्रम ठरलेला आहे: वर, डावीकडे, खाली, उजवीकडे. तोच जसाच्या तसा उचला, नाहीतर तिथेच भांडण. आणि भूत सहसा आल्या वाटेने मागे फिरत नाही हा नियमही ठेवा, तो नसला तर ते दोन चौकांमध्येच येरझाऱ्या घालत बसतं.

वेगाचं काय करायचं? वाळूचं घड्याळ लावा असं बरेच जण सुचवतात, एक्सकॉम या व्हिडिओ गेमच्या 2015 च्या बोर्ड गेममध्ये तर वेळ सांभाळायला अ‍ॅपच आहे. मला स्वतःला घड्याळ ही पळवाट वाटते, घाई होते पण विचार होत नाही. त्यापेक्षा प्रत्येक भुताची तीन अशी नऊ कार्डं करा, तुमची चाल झाली की दोन उलटा, ज्यांची आली ती भुतं एक चौक सरकतात, आणि पुरती दोन उरली नाहीत की सगळी गोळा करून पुन्हा पिसा. फाशाला मागचं काही आठवत नसतं, कॅटमध्ये मात्र लालची तिन्ही कार्डं येऊन गेली की पुन्हा पिसेपर्यंत लाल हलणार नाही हे तुम्हाला कळतं आणि तुम्ही तेवढ्यात डाव साधता. बोटांच्या वेगाची जागा लक्षात ठेवण्याने घेतली, धाकधूक तीच.

आकडे लहान ठेवा. स्ले द स्पायर या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये साध्या स्ट्राइक कार्डाचं डॅमेज, म्हणजे शत्रूला होणारं नुकसान, 6 आणि डिफेंड कार्डाचा ब्लॉक, म्हणजे अडवलेलं नुकसान, 5 आहे, त्याच्याच बोर्ड गेममध्ये दोन्ही 1 वर आणलेत. कारण उघड आहे, वजाबाकी आता माणसाला करायचीय.

सामानाबद्दल फार बोलत नाही. पेन्सिलने लिहा, चित्रं काढत बसू नका, कारण मेहनतीने रंगवलेलं कार्ड फेकायला जीव होत नाही आणि फेकावं तर लागतंच. कार्डांसाठी प्लॅस्टिकची स्लीव्ह (पत्त्याच्या मापाचं पारदर्शक पाकीट), आत जुना पत्ता आणि त्यावर कागदाची चिठ्ठी, नियम बदलला की फक्त चिठ्ठी बदलायची.

आधी एकट्याने खेळा, मग दुसऱ्यांना द्या, आणि देताना नियम लिहूनच द्या आणि गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. कोणी चुकीचं खेळत असलं तरी बोलायचं नाही, कुठे अडले, कुठे मोबाइल हातात घेतला ते फक्त लिहायचं. नंतर एका वेळी एकच नियम बदला, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कळतच नाही.

पोर्टफोलिओत, म्हणजे काम मागताना दाखवायच्या संग्रहात, ठेवताना नुसते फोटो नकोत, काढून टाकलेल्या नियमांची यादी ठेवा, प्रत्येकासमोर कारण. मला इंटरव्ह्यूमध्ये बोर्ड कसा दिसतो यावर कोणी काही विचारलं नाही, इंकी का काढला यावर मात्र बराच वेळ गेला. आणि हो, खेळायची पद्धत सहसा कॉपीराइटमध्ये येत नाही, पण पात्रं, चित्रं, मजकूर येतो, आणि नावाला सहसा ट्रेडमार्कचं संरक्षण असतं. घरी खेळायला काही अडचण नाही, विकायचा विचार आला तर भुतं-ठिपके सगळं काढून स्वतःचं नवीन जग बसवा. तसं करताना काही नियम आपोआप गळून पडतात. क्लाइडचं जवळ येऊन पळणं भुताला शोभतं, भुताच्या जागी बसवलेल्या पहारेकऱ्याला तेच लावलं तर लोक लगेच विचारतात की हा पळतोय का, मग तो नियम पुन्हा लिहायला घ्यावा लागतो.